रक्षा उईकेचं कुलूप

आमच्या सोलर प्लांटच्या गेटवर भल्ला मोठा बोर्ड लावला हाये. त्याच्यावर पिवळं हेल्मेट घातलेली एक पोरगी हसून राह्यली अन् खाली लिहिलं हाये, 'इथे सर्वांना समान संधी'. ती पोरगी कुठची, थे कंपनीलेच ठाऊक. आमच्या रोहणा गावाच्या आजूबाजूची तर बिलकुल नाई, कारन आमच्या उन्हात डोक्यावर हेल्मेट ठेवून असे दात काढून कोनी हसत नाई. मी जिचं सांगून राह्यलो ती बोर्डावर नाई. ती रक्षा उईके, इलेक्ट्रिशियन. अन् मी बंडूजी, त्या प्लांटचा स्टोअरकीपर होतो. होतो काऊन म्हनलं, थे पुढं येते.

पहिलेच सांगून ठेवतो. मी भला मानूस अन् बाकी सारे नालायक, असं सांगाले मी बसलो नाई. ह्या गोष्टीतल्या नालायकाइची रांग लावली तर मी पुढून दुसरा नाई तर तिसरा उभा राहीन. पन पुढं-मागं कोन कोन होतं, हे रांगेतल्यालेच ठाऊक असते न. म्हनून मीच सांगतो.

रोहण्याच्या पल्याड जंगलाच्या कडेले गोंडाइची वस्ती हाये, रक्षा तिथली. बाप मंगरू जंगल खात्याच्या रोजंदारीवर, माय सुंदरा आमच्याच प्लांटवर पॅनल धुवाले. पॅनल धुनं म्हनजे पाइप अन् वायपर घेऊन काचेच्या रांगाच्या रांगा घासत जानं. काचेवर धूळ राह्यली का वीज कमी होते. रक्षा बारावीत असताना मायसंगं पाइप ओढाले येत जाय अन् येता-जाता उघड्या पेट्याइत डोकावून पाहे. "काकाजी, ह्यातून वीज जाते कशी?" असं मले विचारे. मी म्हनो, "जाते बाई, तू पाइप धर." मले तरी कुठी ठाऊक होतं? मंग तिनं आर्वीले आयटीआय केली, इलेक्ट्रिशियनची. वर्गात एकटी पोरगी. दोन वर्षं सकाळची एस्टी धरली अन् पास झाली तशी आमच्या ऑफिसापुढं येऊन उभी राह्यली, सर्टिफिकेट पन्नीत गुंडाळून.

ऑफिसात बसला होता रूपराव, साइट सुपरवायझर. हा माहा साळा, बायकोचा लहाना भाऊ. त्यानंच मले इथं चिकटवलं, अन् ही गोष्ट त्यानं मले एक दिवस विसरू दिली नाई. त्यानं सर्टिफिकेट उलटंपालटं करून पाह्यलं अन् म्हने, "हेल्परची जागा हाये. पाह्यजे असन तर ये." दोन महिन्याआंधी त्यानं मुकेशले इलेक्ट्रिशियन म्हनून घेतलं होतं. तीच आयटीआय, तोच ट्रेड, मार्क तिच्याहून कमी. पन मुकेश त्याच्या नात्यातला.

सव्वा वर्ष ती हेल्पर होती. हेल्पर म्हनजे सारं काही. चाय आन, गवत काप, साहेबाची गाडी पूस, अन् मुकेशले स्क्रू सापडला नाई तर तेबी तूच शोध. मायसंगं फोनवर गोंडीत बोलली का पोट्टे तोंडातल्या तोंडात खोटी खोटी गोंडी बोलून दाखवत अन् खिदळत. तिचं नावच पाडलं त्याइनं, 'कोटा', म्हनजे आरक्षणातली. "ए कोटा, पान्हा दे." मीबी हसलो त्याच्यावर, खोटं काऊन बोलू. बायाइसाठी एक संडास बांधला होता. दारावर बाईचं चित्र, अन् आत माहे केबलचे ड्रम. चावी माह्या कमरेले. रक्षानं तीनदा सांगतलं, मी तीनदा "पाहू" म्हनलं. मुंबईहून पाहुने येनार असं समजलं, तवा कुठी मी ड्रम हलवले. तेवढे महिने त्या बाया झुडपाआड गेल्या. आता ते आठवलं का माही मलेच थोबाडीत मारावी वाटते.

आता कुलपाचं समजून घ्या, मंग बाकीचं समजते. लायनीवर काम करनाऱ्या इलेक्ट्रिशियनजवळ आपलं स्वतःचं कुलूप असते. ज्या लायनीवर काम, तिचा स्विच बंद कराचा, त्याले आपलं कुलूप माराचं, नावाची चिठ्ठी लटकवाची अन् चावी खिशात घालून कामाले जाचं. काम होईस्तोर थो स्विच कोनाच्या बापाले चालू करता येत नाई. अन् स्विचवर कुलूप नसलं, म्हनजे लायनीवर मानूस नाई, खुशाल चालू करा. सारा कारभार ह्याच भरोशावर चालते. हेल्परले कुलूप नसते. त्यानं दुसऱ्याच्या कुलपाखाली काम कराचं. मुकेश आपलं कुलूप लावून सावलीत मोबाइल पाहत बसे अन् तारेत हात घाले ही.

"काकाजी, माहा जीव त्याच्या खिशात असते," एक दिवस ती मले म्हने. "मले माहं कुलूप पाह्यजे."

बस, एवढंच तिचं मागनं. पगार वाढवा म्हने नाई, पंख्याखाली बसवा म्हने नाई. माहं कुलूप द्या, मले लायनीवर जाऊ द्या.

लायनीवर जाच्या पासची परीक्षा घेनारे बाहेरून आले तवा तिनं अर्ज टाकला. रूपराव अर्ज दाबून बसला होता, पन हेड ऑफिसातून फोन आला का ह्या वर्षी एक तरी महिला पाह्यजे, तवा त्याचा हात उघडला. परीक्षेत ती पहिली आली, मुकेशच्याबी वर. रूपराव चार दिवस कोनाशी नीट बोलला नाई, जसं काही घरातलं कोनी गेलं.

अन् हेड ऑफिसातल्या मोहिनी मॅडमनं तिच्यासाठी कुलूप पाठवलं. ह्या मॅडमच्या खात्याचं नाव मले अजून नीट सांगता येत नाई; कामावर सारे सारखे हायेत का, हे पाहाचं खातं. बाकी साऱ्याइचे कुलपं लाल. हिचं गुलाबी. मुकेश म्हने, "आता याले मॅचिंग बांगड्या घे वं." रक्षानं कुलूप हातात घेतलं, फिरवून पाह्यलं अन् मले विचारलं, "लाल नाई का, काकाजी?" मी म्हनलं, "हेच आलं." ती म्हने, "द्या मंग. बंद तर होते न?" अन् खटकन बंद करून पाह्यलं. त्या दिवशी ती हसली. तिचं हसनं मी पहिल्यांदा पाह्यलं.

एका कुलपाच्या दोन चाव्या. एक मालकाजवळ, दुसरी स्टोअरमधे काचेच्या पेटीत, माह्याजवळ. नियम असा का ती दुसरी चावी काढाची तर कुलपाच्या मालकाले समोर बोलवाचं, रजिस्टरवर त्याची सही घ्याची, मंगच द्याची. एकच नियम होता माह्या साऱ्या नोकरीत. बाकी तर स्क्रू मोजनं.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्याकडं दसऱ्याले कंट्रोल रूममधे हत्याराइची पूजा होते. साऱ्या स्विचाइची भिंत त्याच खोलीत. पक्कड, पान्हे, मीटर अन् साऱ्याइचे कुलपं एका पाटावर मांडाचे, हळदीकुंकू लावाचं, झेंडूचा हार घालाचा, नारळ फोडाचा. त्या दिवशी कोनी लायनीवर जात नाई. पन सकाळीच गवत कापनाऱ्या मशीननं पंपाची केबल कापली अन् धुनाऱ्या बाया पान्याबिना बसून राह्यल्या. रूपरावनं इकडंतिकडं पाह्यलं अन् रक्षाले म्हने, "तू जा. तुमच्यात दसरा थोडीच असते."

"असते का नसते, तुमाले काय ठाऊक?" ती म्हने. पन गेली. पंपाचा स्विच बंद केला, गुलाबी कुलूप मारलं, नावाची चिठ्ठी लटकवली, चावी खिशात घातली अन् सामान घेऊन निघाली. मी तिथंच उभा होतो, हार धरून. माह्या ह्या डोळ्याइनं पाह्यलं.

तासाभरानं मोहिनी मॅडमचा फोन आला. पूजेचा फोटो पाह्यजे, कंपनीच्या पेजवर टाकाचा हाये, अन् गुलाबी कुलूप समोर दिसलं पाह्यजे. रूपराव माह्याकडं आला. "भाऊजी, रक्षाच्या कुलपाची चावी द्या."

"ती लायनीवर हाये न बे," मी म्हनलं.

"स्विच कोन चालू करून राह्यलं? फोटो काढतो, दोन मिनिटात परत मारतो. तिले एवढ्या दुरून बोलवाचं का आता? मॅडम फोनवर हाये!"

मी म्हनलं, रजिस्टर. त्यानं माह्याकडं असं पाह्यलं का जसं मी त्याच्या घरचं जेवन नाकारलं. अन् मी पेटी उघडून चावी देल्ली. रजिस्टर उघडलंच नाई. साळ्याशी सनासुदीले तोंड वाजवाचं नाई म्हनून. हे माहं कारन. तुमाले हसू येत असन तर हसा, मले येत नाई.

कुलूप पाटावर आलं, संगं चिठ्ठीबी आली, 'रक्षा उईके' लिहिलेली, तिच्यावर कुंकवाचं बोट. फोटो निघाला. मॅडम म्हने खूप छान. मंग आरती झाली, मंग पेढे. मुकेशनं उंबरठ्यावर नारळ फोडला तर पानी सारं आत आलं, गुलाल, रांगोळी, नारळाचं पानी, पायाखाली नुसता चिखल. रूपराव म्हने, "धुवून टाका बे हे." मुकेशनं बाहेरचा नळ उघडला, पानी नाई. आत आला, पंपाच्या स्विचकडं पाह्यलं. कुलूप नाई. चिठ्ठी नाई. त्याले वाटलं, काम झालं. चालू केला.

त्याच्यात मुकेशचा काय दोष, असं मी आजबी म्हनतो. त्याले जे शिकवलं तेच त्यानं केलं. दोन मिनिटं म्हननारा पेढे खात होता अन् चावी देनारा प्रसाद वाटत होता.

पंपाकडून बाया बोंबलत आल्या. रक्षा अखेरचा जोड आवळत होती. हात चिकटला. सुंदरा तिथंच होती, तिनं सापासाठी ठेवलेली वाळकी बांबूची काठी पोरीच्या हातावर हानली, दोनदा, तीनदा, तवा हात सुटला. मायनं लेकीचा हात मारून मारून सोडवला, अन् आमी इकडं फरशी धुवून राह्यलो होतो. वर्ध्याच्या दवाखान्यात तिच्या उजव्या हाताचे दोन बोटं काढले, करंगळी अन् तिच्या बाजूचं.

त्याच दिवशी संध्याकाळी रूपराव घरी आला. माही बायको त्याच्यासाठी भजे तळून राह्यली होती. तो हळूच म्हने, "भाऊजी, चावीची गोष्ट तुमच्या-माह्यात. रजिस्टरवर कायबी नाई न? झालं तर मंग." बायकोनं झारा हातात धरून माह्याकडं पाह्यलं. भावाची नोकरी तिची, माही नोकरी तिची. मी मान हलवली.

दिवाळी झाल्यावर चौकशी बसली. मोहिनी मॅडम स्वतः आल्या, संगं दोन साहेब. रक्षा आली, हाताले पांढरी पट्टी, संगं माय. साहेबानं विचारलं, कुलूप लावलं होतं का? ती म्हने, लावलं होतं. मंग त्यानं मोबाइलवर थो फोटो दाखवला. गुलाबी कुलूप पाटावर, झेंडूच्या हारात, अन् कोपऱ्यात वेळ छापलेली. तिच्या अपघाताच्या पंधरा मिनिटं पहिलेची.

"कुलूप तर इथे दिसतंय, रक्षा," मोहिनी मॅडम भल्ल्या गोड आवाजात म्हने. "घाईत विसरलं असेल का? आपण कोणाला दोष देत नाही आहोत. फक्त समजून घेतोय."

जो फोटो हिचं कौतुक म्हनून काढला, तोच हिच्या तोंडावर मारला. रक्षानं फोटो पाह्यला. पाह्यत राह्यली. मंग तिले समजलं. आवाज चढवला नाई तिनं. म्हने, "माह्या खिशातली चावी खिशातच होती. दुसरी स्टोअरमधे असते. काकाजीले विचारा. ते खोटं नाई बोलत."

साऱ्याइनं माह्याकडं पाह्यलं. रूपराव टेबलावरच्या पेनाचं टोपन काढून राह्यला होता, लावून राह्यला होता.

"मले आठवत नाई," मी म्हनलं.

सुंदरा गोंडीत काही तरी बोलली. मले गोंडी येत नाई, पन ती शिवी होती अन् मले लागाचीच होती. रक्षानं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली अन् निघून गेली. रिपोर्टात आलं, कर्मचाऱ्यानं कुलूप न लावता काम केलं. लायनीवरचा पास रद्द.

मले जेवन जाईना. बायको म्हने पित्त झालं. पित्त कायचं! पंधरा दिवसानं मी रक्षाच्या घरी गेलो. मंगरू अंगनात खाट विनत होता, त्यानं मान वर केली नाई. कोनी बस म्हनलं नाई, पानी देल्लं नाई. ती दारात आली. मी म्हनलं, "रक्षा, चावी मीच देल्लती. मले सारं आठवते. मी चुकलो."

"मले काऊन सांगता?" ती म्हने. "मले तर ठाऊक हाये. मी कुलूप लावलं हे मले सांगाले आले का तुमी?"

"माफ..."

"इथं नोका बोलू. प्लांटच्या आवारात बोला, साऱ्या लोकाइपुढं, रूपरावच्या तोंडावर. जमत असन तर जा. नसन जमत तरी जा."

अन् दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीले पन्नासक मानसं उभे असताना मी बोललो. चावी मी देल्ली, रूपरावनं मागतली, फोटोसाठी मागतली, रजिस्टर उघडलं नाई, अन् चौकशीत मी खोटं बोललो. लेखीबी देल्लं, एक कागद इथं अन् एक हेड ऑफिसाले. रूपराव सगळ्याइपुढं म्हने, "भाऊजीचं डोस्कं फिरलं." मुकेश मात्र खाली बसला, दोन्ही हातात तोंड घेऊन. त्याले त्या दिवशी समजलं का कुलूप होतं म्हनून.

आता तुमाले वाटन, झालं, न्याय झाला. थांबा थोडं. रिपोर्ट बदलला. नवा रिपोर्ट असा का चूक स्टोअरकीपरची. मले स्टोअरमधून काढून गेटवर बसवलं. रूपरावले समज देल्ली, म्हनजे एक चिठ्ठी देल्ली अन् त्यानं ती फाइलले लावली. बायकोचं माहेर बंद झालं, तिचं माह्याशी बोलनंबी. अन् मोहिनी मॅडमनं नवा नियम काढला. महिलांच्या सुरक्षिततेसाठी कोनत्याच महिलेनं लायनीवर काम कराचं नाई. कोनत्याच! चावी देल्ली बाप्यानं, मागतली बाप्यानं, स्विच चालू केला बाप्यानं, अन् लायनीवरून काढलं बायाइले. वस्तीतली रिंकू हेल्पर म्हनून लागली होती, रक्षाचं पाहून आयटीआयचा फॉर्म भरून राह्यली होती. तिनं थो फॉर्म भरलाच नाई.

रक्षाले मॅडमनं रिसेप्शनवर खुर्ची देल्ली. पंख्याखाली. कागदावर महिला एक, आदिवासी एक, अन् आता दोन बोटं गेले तर दिव्यांग एक. एका मानसात तीन रकाने भरले. मॅडमनं फोनवर विचारलं म्हने, "आता तरी खूश ना?"

रक्षा त्या खुर्चीत बसली नाई. रोज सकाळी साडेसातले येते, हेल्मेट घालते अन् आवारात इलेक्ट्रिशियनाइच्या रांगेत उभी राह्यते. रूपराव नावं वाचते, कामं वाटते. तिचं नाव वाचत नाई. साऱ्याइचं वाटून झालं का आवार रिकामं होते, ती उभीच. दुपारपर्यंत तिथं, मंग सावलीले भिंतीपाशी. ऑफिस म्हने पगार कापू, ती म्हने कापा. आज एकविसावा दिवस. कालपासून मुकेश तिच्या बाजूले उभा राह्यते, पन तिनं त्याच्याकडंबी पाह्यलं नाई.

गेटच्या रजिस्टरात नाव, वेळ अन् कामाचा रकाना असते. ऑफिसानं मले सांगतलं, तिच्यापुढं 'रिसेप्शन' लिहा. मी 'इलेक्ट्रिशियन' लिहितो. रूपराव येऊन खोडते, मी दुसऱ्या दिवशी परत लिहितो. पहिल्या दिवशी ती सही कराले वाकली, तवा तिनं ते वाचलं. तीन बोटाइत पेन धरून तिनं माह्याकडं पाह्यलं.

"आता लिहाले लागले का, काकाजी?"

"हाव," मी म्हनलं.

"त्या दिवशी रजिस्टर उघडलं असतं, मले सहीले बोलावलं असतं, त माहे बोटं हातावर असते."

तिनं सही केली, वेळ लिहिली, पेन माह्यापुढं ठेवलं अन् रांगेत जाऊन उभी राह्यली.